एकच मॉडेल, दोन जन्मगावं: सीमाभागातल्या जुन्या गाड्यांच्या कॉम्प्युटरची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बारा-पंधरा वर्षं जुनी गाडी बंद पडली आणि दोन दिवसांत चालू झाली नाही, की गॅरेजमधून ठरलेलं वाक्य येतं : "ईसीएम गेलाय." ईसीएम म्हणजे इंजिनचा कारभार सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. कुणी त्याला कॉम्प्युटर म्हणतं, कुणी ईसीयू, डबा तोच. मग सेकंडहँड डबा शोधला जातो, मिळतो, बसवला जातो. पुष्कळदा गाडी तरीही चालू होत नाही. झालीच तर मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा विझायला तयार नसतो. याचं उत्तर शोधायचं तर डबा उघडण्याआधी २०१० सालात डोकावावं लागतं.

त्याआधीचा इतिहास सीमाभागापुरता थोडक्यात सांगता येतो. इंधनाचा फवारा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजणारी यंत्रणा जर्मन गाड्यांत १९६७ मध्ये आली. फवारा आणि ठिणगी दोन्ही एकाच डिजिटल डब्याकडे सोपवली गेली ती १९७९ मध्ये. आपल्याकडे हे सगळं १९९८ च्या सुमारास सँट्रो, मॅटिझ, सिटी या गाड्यांबरोबर घराघरांत पोचलं आणि काही वर्षांत मारुती ८०० नेही कार्बोरेटर सोडला. 'एमपीएफआय' (प्रत्येक सिलिंडरला इंधनाचा वेगळा फवारा) हा शब्द मेस्त्रींनी तेव्हा उचलला. पण गावोगावच्या वडापच्या जीपमध्ये कॉम्प्युटर नव्हताच, डिझेल इंडिकाचा पंपही यांत्रिक होता. त्यामुळे इकडच्या बहुतेक गॅरेजांचा हात या डब्यावर उशिरा बसला. तोपर्यंत तो न उघडायची वस्तू होता, आणि न उघडलेल्या वस्तूवर दोष ढकलणं सोपं असतं.

आता २०१०. त्या वर्षी १ एप्रिलला देशातल्या नव्या गाड्यांचे दोन वर्ग झाले. दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, सोलापूर अशा १३ शहरांत नवी गाडी भारत स्टेज ४, म्हणजे धुराच्या प्रदूषणावरच्या सरकारी नियमांच्या चौथ्या टप्प्याचीच हवी असं ठरलं. उरलेल्या देशाला त्या वर्षात स्टेज ३ लागू झाला. सोलापूर यादीत होतं. बेळगाव नव्हतं, कोल्हापूर नव्हतं, हुबळी-धारवाडही नव्हतं. कारण सांगितलं गेलं ते इंधनाचं : स्टेज ४ च्या पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक दशलक्षात ५० भागांपर्यंतच चालतं, स्टेज ३ च्या पेट्रोलमध्ये १५० आणि डिझेलमध्ये ३५० चालायचं, आणि इतकं स्वच्छ इंधन एकदम सगळीकडे देण्याची तेल शुद्धीकरण कारखान्यांची तयारी नव्हती. कारण खरं होतं. पण गाडी काही शहराच्या हद्दीला बांधून ठेवलेली नसते. पुण्यात नोकरी आणि गाव खानापूर तालुक्यात, अशी हजारो घरं या भागात आहेत. त्यांच्या स्टेज ४ च्या गाड्या दर सणाला इथल्या पंपावर जास्त गंधकाचं पेट्रोल भरत राहिल्या. गंधकाने सायलेन्सरमधल्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम मंदावतं. उलट बाजूने, ज्या मारुती ८०० ची विक्री त्या १३ शहरांत २०१० मध्येच थांबली, ती छोट्या शहरांत पुढची जवळजवळ चार वर्षं विकली जात होती. हवा मोठ्या शहराची स्वच्छ करायची आणि जुना माल छोट्या शहराकडे सरकवायचा, असा या निर्णयाचा अर्थ इथे लावला गेला, आणि तो फारसा चुकीचा नव्हता.

या विभागणीचा एक परिणाम डब्यापर्यंत आला, आणि त्याची चर्चा त्या वेळी कुणी केली नाही. स्टेज ४ बरोबर गाडीत स्वतःचे दोष नोंदवून ठेवणारी ओबीडी यंत्रणा सक्तीची झाली. पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून, दुसरा एप्रिल २०१३ पासून. स्टेज ३ च्या गाडीला ही सक्ती नव्हती. काही कंपन्यांनी देशभर एकच गाडी दिली, काहींनी दोन तऱ्हा ठेवल्या. म्हणून २०१३-१४ सालची एकाच रंगाची, एकाच मॉडेलची एमएच-१२ (पुणे) आणि केए-२२ (बेळगाव) अशी दोन पासिंगं शेजारी उभी केली तर त्यांच्या डब्यांचे पार्ट नंबर वेगळे निघू शकतात. एकीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढे-मागे दोन ऑक्सिजन सेन्सर, दुसरीला एकच. पुण्याच्या गाडीचा डबा बेळगावच्या गाडीत घातला की तो न बसवलेल्या सेन्सरची वाट बघत बसतो आणि दिवा पेटता ठेवतो. मेस्त्री म्हणतो, हाही डबा खराब. डबा खराब नसतो, त्याचं जन्मगाव वेगळं असतं.

ओबीडी या शब्दानेही घोळ वाढवला. अमेरिकेत 'ओबीडी-२' १९९६ च्या गाड्यांपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरच्या खोक्यावर '१९९६ नंतरच्या सर्व गाड्यांसाठी' असं छापलेलं असतं ते त्या हिशेबाने. भारतातलं ओबीडी-१ आणि ओबीडी-२ हे वेगळे टप्पे, वेगळी सालं. त्यात भर म्हणजे २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगखाली १६ पिनांचं तेच सॉकेट दिसतं, पण आत बोलणं कंपनीच्या स्वतःच्या भाषेत चालतं. निपाणीतला मालक २००५ च्या गाडीला असा स्कॅनर लावतो, मोबाइलवर 'जोडणी झाली नाही' असं येतं, आणि निदान पक्कं होतं : कॉम्प्युटर डेड. सॉकेटचा आकार सारखा म्हणून भाषाही सारखी असेल, हे मराठी-कानडी दोन्ही पाट्या वाचत वाढलेल्या माणसांनी तरी गृहीत धरायला नको होतं. जुन्या सुझुकी पद्धतीच्या गाड्यांत तर स्कॅनरही लागत नाही. ठरलेल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. एक लुकलुक, थोडं थांबून दोन, म्हणजे १२ : सगळं ठीक.

खरोखर मेलेल्या डब्यांपेक्षा मेले म्हणून काढलेले डबे जास्त, असं या धंद्यातली जाणती माणसं मान्य करतात. इग्निशन चालू केल्यावर इंजिनचा दिवा लागतच नसेल तर पहिला संशय डब्याला मिळणाऱ्या करंटवर घ्यायचा : फ्यूज, मेन रिले, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे 'अर्थ', म्हणजे करंट गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. इंजिन उतरवून चढवल्यावर अर्थची एक पट्टी बसवायची राहून गेली की डबा वेड्यासारखा वागतो. स्टार्टर मारताना अर्थच्या वायरवर मल्टिमीटर लावून फरक दशांश व्होल्टच्या आसपास आहे का हे पाहायला पाच मिनिटं लागतात. मग सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा. तो शून्य दिसला तर डबा गेला असं नव्हे. तीन वायरचे सेन्सर एकेक करून काढायचे. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर शॉर्ट झालेला सेन्सर तोच. ऊसपट्ट्यात उंदीर वायरिंग कुरतडतात, ते वेगळंच.

डबा खरंच जातो तेव्हा इथली कारणंही ठरलेली. बऱ्याच गाड्यांत तो ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डखाली असतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं साचली की पाणी आत उतरतं आणि पिनांवर हिरवट थर चढतो. बॅटरीची तार न काढता केलेलं वेल्डिंग, उलटी लावलेली जंपर केबल, शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल, वयाने गळलेले कपॅसिटर. यातलं बरंचसं सोल्डरिंगचा हात असलेल्याला दुरुस्त करता येतं.

बदलायचाच ठरला तर अडसर इमोबिलायझरचा, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या चोरीविरोधी कुलपाचा. किल्लीतली चिप, इमोबिलायझर आणि डबा यांची आपसांत खूण ठरलेली असते. दुसऱ्या गाडीचा डबा लावला की गाडी सेकंदभर चालू होऊन बंद पडते, किंवा फवाराच येत नाही. यावर तीन मार्ग रूढ झाले. ज्या गाडीतून डबा काढला तिचाच डबा, इमोबिलायझर आणि किल्ली असा अख्खा सेट आणणं. जुन्या डब्यातल्या आठ पायांच्या मेमरी चिपमधली माहिती वाचून नव्यात उतरवणं. किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती तपासणीच बंद करणं. तिसरा मार्ग स्वस्त आहे आणि सर्रास वापरला जातो. मालकाला न सांगता त्याच्या गाडीचं कुलूप काढून टाकणं ही दुरुस्ती कशी, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

जुने डबे येतात दोन दिशांनी. बेळगावपासून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण ५०० किलोमीटर. एकीकडे कुर्ल्याचं भंगार, दुसरीकडे बेंगळुरूच्या शिवाजीनगरची गुजरी. (कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोनारांची गल्ली, कानडीत गुजरी म्हणजे भंगार. फोनवर बोलताना यावरून गमती होतात.) पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी हजर. पण मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही त्या १३ शहरांतली, म्हणजे तिथल्या २०१० ते २०१६ सालच्या गाड्यांच्या भंगारात स्टेज ४ चे डबे जास्त, आणि इथल्या गाड्या स्टेज ३ च्या.

राज्याची सीमा या प्रकरणात आडवी आली ती एकच वर्ष. १ एप्रिल २०१६ पासून संपूर्ण कर्नाटक आणि गोवा स्टेज ४ मध्ये गेले. महाराष्ट्रात मात्र तेव्हा मुंबई, ठाणे, पुणे जिल्ह्यांचीच पाळी आली. म्हणजे वर्षभर निपाणीत स्टेज ४ आणि कोगनोळी ओलांडली की कागलमध्ये स्टेज ३. देशभर एकच नियम १ एप्रिल २०१७ ला झाला, आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी न्यायालयाने उरलेल्या स्टेज ३ वाहनांची विक्री रोखल्यामुळे शोरूममध्ये सवलतींची झुंबड उडाली. त्या गर्दीत घेतलेल्या गाड्याही आता जुन्यांत जमा होत आहेत. २०२० च्या स्टेज ६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत नवा डबा कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय जुळत नाही, तो विषय निराळा.

२०१० च्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. कारच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं. त्यात डब्याचा खर्च आला की गाडी ठेवायची की भंगारात द्यायची हा हिशेब घरोघरी मांडला जातो. ठेवायची ठरलीच, तर मुंबईला किंवा बेंगळुरूला फोन लावण्याआधी जुना डबा बाहेर काढून लेबलचा फोटो घ्यावा लागतो. पार्ट नंबरातली शेवटची एक-दोन अक्षरंसुद्धा जुळायला हवीत. गाडी कुठल्या शहरासाठी बनली होती ते पुष्कळदा तिथेच कळतं.