विषुववृत्तीय प्लाझ्मा बुडबुडे

चुंबकीय विषुववृत्ताच्या (जिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असते त्या रेषेच्या) पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात, इलेक्ट्रॉनांची घनता फार कमी असलेले भाग तयार होतात आणि वर चढत जातात. यांनाच प्लाझ्मा बुडबुडे म्हणतात; प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. १९३८ मध्ये बुकर आणि वेल्स या संशोधकांनी पेरूतील वांकायो येथील नोंदींत पाहिले, की रात्री आयनांबराच्या वरच्या एफ थरावरून परतणारा रेडिओ लहरींचा प्रतिध्वनी रेखीव न राहता पसरट होतो. या विषयाचा अभ्यास तिथून सुरू झाला.

सूर्य मावळला की खालच्या ई थरातील इलेक्ट्रॉन आयनांशी झपाट्याने जुळून नाहीसे होतात. एफ थर मात्र टिकतो. त्याच सुमारास पूर्वेकडे रोखलेले विद्युत क्षेत्र काही काळ बळावते आणि एफ थराला आणखी वर ढकलते. दाट प्लाझ्मा वर, विरळ खाली, अशी ही मांडणी तेलावर पाणी ओतावे तितकीच अस्थिर असते (रॅले-टेलर अस्थिरता). थराच्या तळाशी छोटी लाट उमटली तरी विरळ प्लाझ्मा तिथून वर घुसतो आणि कधीकधी हजार किलोमीटरच्याही पलीकडे जातो. चुंबकीय बलरेषांना धरून तो उत्तरेला व दक्षिणेलाही पसरतो. लिमाजवळच्या जिकामार्का रडारने टिपलेले त्याचे उंच तुरे वुडमन आणि ला होझ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

बुडबुड्याच्या आत आणि कडांवर लहानमोठ्या असंख्य घड्या (घनतेचे चढउतार) असतात. त्यांतून येणाऱ्या उपग्रहाच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि संकेत ताऱ्यासारखा लुकलुकतो. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या संकेतावर सर्वाधिक परिणाम साधारण ४०० मीटर आकाराच्या घड्यांचा होतो. संकेत क्षणार्धात शंभरपटीने क्षीण झाला, की ग्राहकयंत्राची त्यावरची पकड सुटते. आयनांबरामुळे होणारा सरासरी विलंब दोन वारंवारता वापरून काढून टाकता येतो. पण या लुकलुकीवर तो उपाय चालत नाही, कारण संकेतच हातातून निसटलेला असतो. विशेष म्हणजे सर्वांत तीव्र लुकलुक चुंबकीय विषुववृत्तावर नसते. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांवर आयनांबर सर्वांत दाट असते, आणि जास्त फटका तिथेच बसतो.

सौर कमाल काळात (सूर्याची सक्रियता शिखरावर असताना) बुडबुडे वाढतात आणि त्यांचे ऋतूही रेखांशानुसार ठरतात. मात्र आज रात्री ते येतील की नाही, हे सांगणे अजूनही कठीण आहे. लागोपाठच्या दोन संध्याकाळी सारख्या दिसूनही एकच रात्र बिघडते. बुडबुडे आकाशाचा काही भागच व्यापतात, म्हणून एकाच वेळी जीपीएससारख्या अनेक प्रणालींचे उपग्रह टिपणारे ग्राहकयंत्र अशा रात्रीही बहुधा स्थान सांगू शकते.