समुद्राच्या खुल्या नोंदी आणि २०० सागरी मैलांचा पेच

पुण्याला किनारा नाही, पण हिंद महासागराच्या नोंदी इथे कित्येक दशकं जमा होत आल्या आहेत. व्यापारी जहाजांवर वारा, हवेचा दाब, पाण्याचं तापमान वहीत उतरवलं जाई आणि शिवाजीनगरच्या हवामान कार्यालयात ते पंचकार्डांवर चढे. या साठ्यात मोठी पोकळी होती. जहाजं नेहमीच्याच मार्गांनी जात आणि वादळ दिसलं की कप्तान दूर वळे. म्हणजे जिथली नोंद सर्वांत जास्त हवी, तिथलंच पान कोरं.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळून निघालेल्या लाटेला तमिळनाडू गाठायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, तरी किनाऱ्यावर इशारा गेला नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. पुढच्याच महिन्यात जगभरातल्या अर्गो फ्लोटांची, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मोजणी यंत्रांची, संख्या ३,००० वर गेली. हे फ्लोट १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात, आणि ती नोंद साधारण २४ तासांत कुणालाही इंटरनेटवरून मोफत मिळते.

खरा वाद इथेच आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो आणि संशोधनाला त्याची संमती लागते. पण वाहत आलेल्या फ्लोटाला सीमा कुठे कळते? १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं की फ्लोट हद्दीत शिरण्याची शक्यता असेल तर त्या देशाला आधी कळवायचं. २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक अधिकार दिला: नैसर्गिक साधनसंपत्तीशी थेट संबंध असलेली आपल्या हद्दीतली माहिती उघड करू नका, असं किनाऱ्याचा देश सांगू शकतो. तेलवायू आणि मासळीवर हक्क असलेल्या देशांची ही काळजी खोटी नाही. तरीही तापमान आणि क्षारतेच्या नोंदी अडवल्या गेल्या तर नुकसान शेजाऱ्याचं आधी होतं, कारण वादळ किती झपाट्याने बळावेल हे वरच्या थरात साठलेल्या उष्णतेवर अवलंबून असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि घाट चढून मावळ, जुन्नरपर्यंत पोहोचलं. त्याची ताकद अरबी समुद्रातून आली होती. पुण्यातच पाषाणला संगणकावर चालणारी मान्सूनच्या अंदाजाची मॉडेलंही समुद्राच्या अशाच नोंदींवर उभी आहेत.

२०१८ मध्ये प्राणवायू, नायट्रेट, हरितद्रव्य अशा सहा मोजमापांनाही याच चौकटीत जागा मिळाली. अरबी समुद्रात खोलवर प्राणवायूचा मोठा दुष्काळी पट्टा आहे, मासळीचा वावर त्यावर ठरतो. साहजिकच साधनसंपत्तीचा मुद्दा पुन्हा पुढे आला. हरकतीचा हक्क आजही किनाऱ्याच्या देशाकडेच आहे.