रस्त्याला न रेटणारी गाडी

१३ ऑक्टोबर १९९७. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातलं ब्लॅक रॉक वाळवंट. सुकलेल्या तळ्याच्या सपाट, भेगाळलेल्या मातीवरून साडेसोळा मीटर लांबीची, दहा टनांहून जड अशी एक काळी गाडी, थ्रस्ट एसएससी, सुटली आणि आवाजाच्या वेगापलीकडे गेली. गाडी म्हणायचं ते चार चाकं जमिनीवर होती म्हणून. बाकी दोन्ही बाजूंना फँटम लढाऊ विमानाची दोन रोल्स-रॉइस स्पे जेट इंजिनं आणि मधल्या अरुंद जागेत ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक अँडी ग्रीन. विक्रमाचा नियम असा, की तासाभरात उलट दिशेनेही धावायचं आणि दोन्ही वेगांची सरासरी धरायची. परतीची धाव जेमतेम एका मिनिटाने चुकली. दोनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, थ्रस्ट एसएससी पुन्हा धावली आणि ताशी १,२२७.९८५ किलोमीटरचा विक्रम नोंदवला गेला. अमेरिकन वैमानिक चक येगरने विमानातून पहिल्यांदा ध्वनिवेग ओलांडला त्याला आदल्याच दिवशी ५० वर्षं झाली होती.

आपल्याकडे कुठलीही गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? या गाडीची इंजिनं पूर्ण जोरात असताना सेकंदाला सुमारे १८ लिटर इंधन पितात. त्या सेकंदात गाडी सुमारे ३४० मीटर जाते. म्हणजे लिटरला १९ मीटर. किलोमीटर नव्हे, मीटर.

इतकं इंधन नेमकं जातं कुठे? उत्तर कळलं की मला ही गाडी आणखीच विलक्षण वाटते, कारण तिचा थरार आणि तिचा निरुपयोगीपणा एकाच मुळातून फुटले आहेत.

होडीतून धक्क्यावर उडी मारताना कधी होडी मागे सरकल्याचं जाणवलंय? पायाचा जोर बराचसा होडी मागे ढकलण्यात जातो आणि माणूस पाण्यात पडता पडता वाचतो. तीच उडी पक्क्या धक्क्यावरून मारली, तर सगळा जोर आपल्या कामी येतो. पुढे जायचं तर काहीतरी मागे ढकलावं लागतं, हा न्यूटनचा नियम. काय ढकलता, यावर खर्च ठरतो. आपली रोजची गाडी टायरने रस्त्याला, म्हणजे अख्ख्या पृथ्वीला मागे रेटते. पृथ्वी इतकी जड, की ती जणू हलतच नाही आणि तिला ऊर्जाही जात नाही. जेट इंजिनाला रेटायला असा पक्का आधार मिळत नाही. ते हवा आत ओढतं, दाबतं, तापवतं आणि झोताने मागे फेकतं. हवा हलकी, म्हणून पुरेसा रेटा मिळवायला ती भयंकर वेगाने फेकावी लागते. इथेच गोम आहे: फेकण्याचा वेग दुप्पट केला तर रेटा दुप्पट होतो, पण त्या हवेला द्यावी लागणारी गतिज ऊर्जा चौपट.

थोडा हिशेब करूया. झोताचा वेग सेकंदाला ६०० मीटर धरा. गाडी शहरात ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर, चालली आहे. अशा वेळी इंजिनाने झोताला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम साडेपाच टक्के गाडी पुढे नेण्याच्या कामी येते. उरलेली मागच्या हवेत उधळली जाते. उष्णतेची गळती वेगळीच. हीच गाडी ध्वनिवेगाने धावू लागली की तो वाटा ७० टक्क्यांच्या वर जातो. जेट इंजिन वाईट नाही, ते वेगाचं भुकेलं आहे. विमानाला ते शोभतं ते याचमुळे.

मग गाडीला ते लावायचंच कशाला? कारण टायरची पकड. चाकाने रेटायचं तर घर्षण हवं, आणि मिठाच्या किंवा मातीच्या पृष्ठभागावर ते फार लवकर संपतं. त्यापुढे चाक नुसतं फिरत राहतं. जुलै १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक आयरवर ब्रिटनच्या डोनाल्ड कँपबेलने ब्लूबर्ड ही मोटार पळवली. तिच्यातही जेटसारखं टर्बाइनच, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणारं पात्यांचं चक्र होतं, पण ते चाकं फिरवत होतं. वेग मिळाला ताशी सुमारे ६४९ किलोमीटर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रेग ब्रीडलव्हच्या ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ या जेट गाडीने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ८४६ गाठले, कारण तिला पकडीची गरजच नव्हती. चाकं फक्त भार वाहत होती. आदल्या वर्षी याच गाडीने विक्रम केला तेव्हा मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला मोटार मानायलाच नकार दिला होता: तीन चाकं, आणि त्यांतलं एकही इंजिनाला जोडलेलं नाही!

पण रस्त्याशी नातं तोडलं की रस्ता तुम्हाला थांबवतही नाही. त्या ऑक्टोबरमधल्या धावेच्या शेवटी ब्रीडलव्हचे पॅराशूट फाटले, ब्रेक निकामी झाले आणि गाडी खाऱ्या पाण्याच्या डबक्यात जाऊन पडली. तो पोहून बाहेर आला. १९६६ मध्ये आर्ट आर्फन्सच्या ‘ग्रीन मॉन्स्टर’ या जेट गाडीच्या चाकाचं बेअरिंग ताशी ९०० किलोमीटरहून जास्त वेगात जाम झालं. गाडीच्या चिंधड्या उडाल्या, आर्फन्स मात्र वाचला.

थ्रस्टची चाकं जवळून बघण्यासारखी आहेत. रबराचा लवलेश नाही, घडवलेलं सबंध ॲल्युमिनियम. ध्वनिवेगाला कडेवरच्या प्रत्येक कणावर गुरुत्वाच्या २० हजार पटींहून जास्त ताण येतो. तिथे चिकटलेला एक ग्रॅमचा कण २० किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. रबर तिथे टिकणं शक्यच नाही. पुढची चाकं इंजिनांच्या आवरणात बसवलेली, त्यांना वळायला जागा नाही. म्हणून स्टिअरिंग मागच्या चाकांना दिलं. ही कल्पना चालेल की नाही हे आधी एका मिनी मोटारीत फेरफार करून तपासलं गेलं. आणि खरी धास्ती होती ती हवेची: ध्वनिवेगाजवळ उठणारी आघातलहर, म्हणजे दाबलेल्या हवेची लाट, गाडी आणि जमीन यांच्यामध्ये कोंडली गेली तर नाक उचललं जाईल. गाडीभोवतीच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या रॉन एअर्स यांनी संगणकाची गणितं एकीकडे आणि वेल्समधल्या पेंडाइन इथे रॉकेटच्या घसरगाडीवर पळवलेलं छोटं प्रारूप दुसरीकडे, असं दोन्ही ताडून पाहिलं. आकडे जुळले, मगच काम पुढे गेलं. मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त आदर याच टप्प्याबद्दल वाटतो.

झोत नको, टर्बाइनच चाकाला जोडू, हा मार्गही लोकांनी मनापासून चोखाळला. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने १९५० मध्येच जेट-१ रस्त्यावर आणली. अमेरिकेत क्रायसलरने १९६३ पासून ५० टर्बाइन मोटारी २०३ ग्राहकांना आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिल्या. डिझेल, रॉकेल, शेंगदाण्याचं तेल, काहीही घाला, चालायची. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी ती टकीलावर चालवून पाहिली. थरथर नाही, रेडिएटर नाही. पण सिग्नलला उभी असतानाही टर्बाइन मिनिटाला जवळपास २० हजार फेरे घेत इंधन जाळतंय. पेडल दाबलं की ते वेग घेईपर्यंत सेकंदभर गाडी जागची हलत नाही. रहदारीत थांबत, रेंगाळत चालणं टर्बाइनच्या स्वभावातच नाही. आधीच्या पाच नमुना गाड्या धरून एकूण ५५ पैकी नऊ गाड्या उरल्या, बाकीच्या मोडीत काढल्या.

थ्रस्टच्या पुढची पिढी म्हणजे ब्लडहाउंड. तिच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या हक्सकीन पॅन या कोरड्या तळ्यावर रस्ता तयार केला तो आसपासच्या मियर समाजातल्या ३१७ माणसांनी, हाताने खडे वेचून. १६,५०० टन दगड त्यांनी उचलले, कारण त्या वेगात इंजिनात किंवा चाकाखाली गेलेला एक खडाही पुरे. नोव्हेंबर २०१९ मध्ये अँडी ग्रीननेच ती त्या पट्ट्यावर ताशी १,०१० किलोमीटरने पळवली. त्याचाच १९९७ चा विक्रम त्या दिवशीही शाबूत राहिला.