अमेरिकेतल्या तेरा वसाहती ब्रिटनपासून का फुटल्या?

4 जुलै 1776 रोजी फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा या वसाहतींतला गोरा शेतकरी ब्रिटनमधल्या शेतकऱ्यापेक्षा पुष्कळ कमी कर भरत होता. जमीन मुबलक होती, मजुरी चांगली होती, मतदानाचा हक्क इंग्लंडपेक्षा कितीतरी अधिक लोकांना होता. त्यामुळे ‘जुलमाला कंटाळून लोक उठले’ हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. माझ्या मते या बंडाचं मूळ 1760 नंतरच्या करांपेक्षा त्याआधीच्या दीडशे वर्षांत आहे. एवढा काळ हे लोक आपला कारभार आपणच पाहत होते आणि पैशाच्या नाड्या त्यांच्याच हाती होत्या.

व्हर्जिनियाची प्रतिनिधी सभा 1619 मध्ये जेम्सटाउनला पहिल्यांदा भरली. पुढे जवळजवळ प्रत्येक वसाहतीत अशी सभा उभी राहिली. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजाचा माणूस असे, पण त्याचा पगार ही सभा मंजूर करी. 1728 मध्ये विल्यम बर्नेट मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून आला तो लंडनचा हुकूम घेऊनच: पगार कायमचा बांधून द्या. सभेने एका वर्षापुरती भरघोस रक्कम देऊ केली, कायमची मात्र नाही. बर्नेटने चिडून सभेची बैठक बोस्टनहून सेलमला हलवली, तरी सभासद हटले नाहीत. दुसऱ्या वर्षी तो वारला आणि त्याच्या जागी आलेल्यालाही कायमचा पगार मिळाला नाही. या एका भांडणात पुढची अर्धी कहाणी दडलेली आहे.

लंडननेही फारसा जोर लावला नाही. व्यापार ब्रिटिश जहाजांतूनच करायचा, ठरावीक माल ब्रिटनलाच पाठवायचा, असे कायदे होते. पण तस्करी सर्रास चाले आणि जकात अधिकारी डोळेझाक करत. उत्तरेला फ्रेंच कॅनडा होता. त्याची धास्ती असेपर्यंत ब्रिटिश फौजेचा आधार वसाहतींनाही हवाच होता.

1763 मध्ये फ्रान्सशी चाललेलं सप्तवार्षिक युद्ध संपलं आणि ही घडी विस्कटली. कॅनडा ब्रिटनला मिळाला, फ्रेंचांची भीती गेली. ब्रिटनच्या डोक्यावर मात्र सुमारे 13 कोटी पौंडांचं कर्ज चढलं होतं, आणि अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं होतं. त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला राजाने जाहीरनामा काढला: ॲपलाचियन पर्वतापलीकडे वस्ती करायची नाही, ती भूमी मूळनिवासी जमातींची. या जमातींशी पुन्हा खर्चिक लढाया नकोत, हा त्यामागचा हिशेब. पण त्या जमिनींवर डोळा ठेवून असलेल्यांत व्हर्जिनियाचे बडे मळेवाले होते, जॉर्ज वॉशिंग्टनही होते. या लढ्याला जमिनीच्या भुकेचीही बाजू होती, ती झाकून ठेवू नये.

मग आला 1765 चा स्टॅम्प ॲक्ट. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पंचांगं, परवाने, सगळं शिक्का मारलेल्या कागदावरच हवं. खेळायच्या पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, पदवीच्या कागदाला दोन पौंड. कर स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या चलनात भरायचा, आणि कसूर झाली तर खटला ज्यूरी नसलेल्या नौदल-न्यायालयातही जाऊ शके. वकील, मुद्रक आणि गुत्तेवाले, म्हणजे समाजात ज्यांचा आवाज सर्वांत मोठा, नेमके तेच या कायद्याने दुखावले. 14 ऑगस्टला बोस्टनमध्ये शिक्क्यांचा नेमलेला वितरक अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा एका एल्मच्या झाडाला टांगला गेला. त्याने पद सोडलं आणि इतर वसाहतींतही वितरक पटापट राजीनामे देऊ लागले.

वाद घालताना हे लोक इंग्लंडचाच इतिहास पुढे करत होते. प्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर नाही, हे तत्त्व इंग्रजांनी आपल्याच राजांशी भांडून मिळवलेलं. लंडनचं उत्तर असं, की पार्लमेंट साऱ्या साम्राज्याचं प्रतिनिधित्व करतं. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचाही स्वतंत्र सभासद नाही, म्हणून ते काय कर भरत नाहीत? इंग्लंडात हा युक्तिवाद खपून जाई. दीडशे वर्षं स्वतःचे प्रतिनिधी निवडणाऱ्यांना तो पटणं शक्यच नव्हतं. वसाहतींनी ब्रिटिश मालावर घातलेल्या बहिष्कारामुळे ब्रिटिश व्यापारी ओरडू लागले, मार्च 1766 मध्ये कायदा मागे घेतला गेला. पण त्याबरोबरच वसाहतींसाठी ‘कोणत्याही बाबतीत’ कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं पार्लमेंटने ठासून लिहून ठेवलं.

1767 मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. तिचा हेतू कायद्यातच होता: या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार देता यावेत. पगार लंडनहून आला तर गव्हर्नरला सभेची गरज उरणार नव्हती. 1770 मध्ये चहा सोडून बाकीची जकात उठली. पण 1772 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांनी आपला पगार यापुढे राजाकडून येणार असल्याचं सांगितलं, आणि पाठोपाठ न्यायाधीशांच्या पगाराचीही तीच बातमी आली. नोव्हेंबरमध्ये सॅम्युएल ॲडम्स यांच्या पुढाकाराने बोस्टनने इतर गावांशी संपर्क ठेवायला पत्रव्यवहार समिती नेमली. गावोगावी तशा समित्या झाल्या. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाने हेच काम वसाहती-वसाहतींमध्ये सुरू केलं.

हे ध्यानात घेतलं की चहाचं कोडं सुटतं. 1773 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त झाला होता. मग 16 डिसेंबरला बोस्टनच्या लोकांनी त्या चहाच्या 342 पेट्या समुद्रात का फेकल्या? कारण चहाच्या पौंडभर वजनामागे तीन पेन्सची ती जकात भरली की अधिकाऱ्यांच्या परस्पर पगाराला आपणच पैसा पुरवल्यासारखं होणार होतं.

याची शिक्षा म्हणून 1774 मध्ये ब्रिटनने बोस्टनचं बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली आणि गव्हर्नरच्या परवानगीविना गावसभा वर्षातून एकदाच भरेल असं ठरवलं. शिक्षा एका वसाहतीला, धडकी सगळ्यांना. बोस्टनसाठी साउथ कॅरोलायनातून तांदूळ आला, कनेटिकटमधून मेंढ्या आल्या. याच वसाहतींसाठी 1754 मध्ये ऑल्बनीत संयुक्त कारभाराची योजना मांडली गेली, तेव्हा एकाही सभेने ती स्वीकारली नव्हती. आता सप्टेंबर 1774 मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले (हीच ती ‘काँग्रेस’), आणि त्यांनी ठरवलेला बहिष्कार पाळला जातो का हे पाहायला गावागावांत निवडलेल्या समित्या आल्या. राष्ट्र घडलं ते या समित्यांतून. स्वातंत्र्याची भाषा सुरू होण्याआधीच कारभाराचा सांगाडा तयार झाला होता.

ब्रिटनच्या अमेरिकेकडच्या सगळ्याच वसाहती मात्र फुटल्या नाहीत. कॅरिबियन समुद्रातल्या जमैका या ब्रिटिश वसाहतीच्या सभेने डिसेंबर 1774 मध्ये राजाला अर्ज करून अमेरिकनांचीच बाजू मांडली, पण त्याच अर्जात आपण प्रतिकार करू शकत नाही असंही लिहिलं: गोरे मूठभर आणि गुलाम दोन लाखांवर. ज्यांना गुलामांच्या भीतीने ब्रिटिश फौज हवी होती, ते राजनिष्ठ राहिले. व्हर्जिनियात याच भीतीचा परिणाम उलटा झाला. नोव्हेंबर 1775 मध्ये गव्हर्नर डनमोरने बंडखोरांच्या गुलामांना, ते राजाच्या बाजूने लढायला आल्यास, मुक्ती देऊ केली आणि कचरणारे कितीतरी मळेवाले स्वातंत्र्याकडे वळले. स्वातंत्र्याच्या या लढ्यावरचा हा डाग मला फार मोठा वाटतो.

एप्रिल 1775 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला ब्रिटिश फौज आणि वसाहतींचे लोक यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्यानंतरही काँग्रेसने राजाला समेटाचा अर्ज पाठवला. तिसऱ्या जॉर्जने तो हातीही घेतला नाही, ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवलं. पार्लमेंटचा अधिकार वसाहतींनी आधीच नाकारला होता. उरला होता तो राजाशी असलेला धागा. म्हणून 1776 च्या जाहीरनाम्यात तक्रारींची सारी यादी राजाच्या नावे आहे आणि पार्लमेंटचा नावानिशी उल्लेखच नाही.

परस्पर कर बसवणाऱ्या सत्तेची धास्ती एवढी खोल होती, की 1781 मध्ये अमलात आलेल्या राज्यांच्या पहिल्या संघराज्य-करारात काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच दिला गेला नाही. आयातीवर पाच टक्के जकात घेऊ द्या ही तिची विनंती एकट्या ऱ्होड आयलंडने 1782 मध्ये धुडकावली. जून 1783 मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनीच घेरलं, तेव्हा काँग्रेसला फिलाडेल्फिया सोडून प्रिन्स्टनला जावं लागलं. 1787 च्या राज्यघटनेने अखेर कराचा अधिकार काँग्रेसला दिला, पण एका अटीवर: महसुलाचं प्रत्येक विधेयक जनतेने थेट निवडलेल्या सभागृहातच आधी मांडलं जाईल.