शिकलेलं रक्तात उतरत नाही हो

सेलमध्ये ‘अँसेस्टर्स : द ह्युमनकाइंड ओडिसी’ हा 2019 चा गेम पडत्या भावात मिळाला म्हणून घेतला आणि तीन रात्री झोपेचं खोबरं. 1 कोटी वर्षांपूर्वीची आफ्रिका, वानरासारख्या पूर्वजांची टोळी, ती आपण सांभाळायची. फांदीची पानं ओरबाडून काडी करायची, वारुळात खुपसून वाळवी खायची. भारी आहे! पण पाठीवर पिल्लू घेऊन हे करत राहिलं की डोक्यातले न्यूरॉन जुळतात आणि पिढी बदलताना आपण निवडलेली शिकवण पुढच्या पिढीत कायमची पक्की होते, इथे माझी सटकली.

कारण हा उत्क्रांतीवाला डार्विन नाही, त्याच्या आधीचा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क आहे. जिराफाने मान ताणली म्हणून पिल्लाची मान लांब, हे 1809 मधलं म्हणणं. हे तपासायला वाइजमन या जर्मन जीवशास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या पाच पिढ्या कापल्या, 901 पिल्लं झाली, एकही बिनशेपटीचं नाही. आईबाप काय शिकले ते अंडपेशी-शुक्रपेशीतल्या डीएनएत लिहिलं जात नाही, काडी करायची तर प्रत्येक पिल्लाला बघून बघून नव्याने शिकावी लागते. (गर्भसंस्काराचे महागडे क्लास लावणाऱ्यांनी हे परत वाचा. अभिमन्यूची गोष्ट म्हणून छान आहे.)

मग टोळी बदलते कशी? माझं लाडकं उदाहरण दुधाचं. बाळाच्या आतड्यात लॅक्टेज असतं, ते दुधातली साखर फोडतं. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेक सस्तन प्राण्यांत ते बनणं कमी होत जातं, जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांतही. पण काहींमध्ये होत नाही, आणि 2002 मध्ये फिनलंडच्या संशोधकांना कारण सापडलं ते डीएनएतलं (ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेलं असतं ते) एकच अक्षर, सी च्या जागी टी. गंमत म्हणजे हे अक्षर लॅक्टेजच्या जनुकात नाहीच! ते 13,910 अक्षरं अलीकडे, एमसीएम6 नावाच्या शेजारच्या जनुकाच्या घरात बसलंय, आणि तिथे टी असला की जनुक चालू करणारी प्रथिनं जास्त घट्ट चिकटतात म्हणून बटण मोठेपणीही चालूच राहतं. म्हणजे दिवा आपला, बटण शेजाऱ्याकडे.

हा टी कोणी दूध पिऊन पिऊन कमावला नाही, डीएनएची नक्कल होताना चूक झाली, बस. गुरं पाळणाऱ्या टोळीत तो असलेल्यांची समजा 100 ला 5 मुलं जास्त जगली, तर हजारात एक असलेला टी निम्म्यावर यायला ढोबळ हिशेबाने दीडशेच्या आसपास पिढ्या, म्हणजे चारएक हजार वर्षं. आणि गुरं नसलेल्या टोळीत तोच टी काही कामाचा नाही. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांत तर शंभर अक्षरं पलीकडे वेगळीच चूक, काम तेच!

भारतात युरोपवालाच टी आहे, वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. आमच्या आजोबांना कपभर दूध प्यायलं की पोट धरून बसावं लागायचं, ताक मात्र तांब्याभर. दह्यातले जिवाणू दुधातली बरीच साखर आधीच खाऊन टाकतात, त्यामुळे लॅक्टेज नसलं तरी ताक सोसतं. आणि विरजण लावणं जनुकात नव्हतं, ते आजोबांच्या आईने त्यांच्या बहिणींना चुलीपाशी बसवून शिकवलं होतं.