अमेरिकेतील छोट्या गावाचे सार्वजनिक हायस्कूल

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील सार्वजनिक हायस्कूल म्हणजे नववी ते बारावीची, करांच्या पैशातून चालणारी विनाशुल्क शाळा. ती स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, अखत्यारीत येते. डिस्ट्रिक्टचे बोर्ड सहसा गावकरी निवडून देतात, बोर्ड सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमते आणि रोजचा कारभार प्रिन्सिपल पाहतात. खर्चाचा मोठा भार स्थानिक मालमत्ता कर आणि राज्याचे अनुदान यांवर असतो. केंद्र सरकारचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. अशा शाळेचा अंदाज घ्यायचा तर आधी पटसंख्या विचारावी. चारही इयत्ता मिळून शंभर-सव्वाशे मुले असतील, तर कोणते विषय शिकवता येतील, कोणत्या खेळाचा संघ उभा राहील आणि एकाच मुलाला दोन्ही साधेल का, हे त्या आकड्यावरच ठरते.

अभ्यासक्रम

साऱ्या देशासाठी एकच बोर्डाची परीक्षा नसते. विद्यार्थी विषयवार क्रेडिट जमवतो आणि राज्याने ठरवलेली क्रेडिट पुरी झाली की डिप्लोमा मिळतो. वर्षभराच्या एका विषयाला एक क्रेडिट हे माप कार्नेगी एककावरून आले. त्यात सुमारे १२० तासांचे अध्यापन धरलेले असते. अनेक राज्यांत इंग्रजीची ४ आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी ३ क्रेडिट लागतात. बाकी शारीरिक शिक्षण व ऐच्छिक विषय. श्रेणींची सरासरी, म्हणजे जीपीए, बहुधा ४ पैकी मोजतात. तिच्यात नववीपासूनचे सगळे गुण धरले जात असल्यामुळे पहिल्या वर्षीची घसरण बारावीपर्यंत पाठ सोडत नाही.

खरी कसोटी लागते ती वेळापत्रक बांधताना. मोठ्या शाळेत रसायनशास्त्राच्या चार-पाच तुकड्या असतात. एक जमली नाही तर दुसरी घेता येते. छोट्या शाळेत तुकडी एकच. ती तिसऱ्या तासाला असेल आणि बँडचा (वाद्यवृंदाचा) वर्गही तिसऱ्याच तासाला असेल, तर दोन्ही हवे असलेल्या मुलाला एक सोडावे लागते. म्हणून जाणता कौन्सेलर (मुलांना विषय निवडायला मदत करणारा शाळेचा समुपदेशक) वसंतातच मुलांच्या मागण्या गोळा करतो, एकाच तुकडीचे विषय वेगळे काढतो, कोणते दोन विषय किती मुलांनी एकत्र मागितले आहेत याचा तक्ता करतो आणि ते विषय आधी वेगवेगळ्या तासांना बसवतो. इंग्रजी, बीजगणित वगैरे त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की ऑगस्टमध्ये, वर्ष सुरू होताना, टक्करी निघतात, आणि तोवर शिक्षकांचे तास बांधले गेलेले असल्याने हलवायला जागा उरत नाही.

शिक्षक एकच असेल तर रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र आलटून पालटून एक वर्षाआड शिकवतात व अकरावी-बारावीची मुले एकत्र बसवतात. पद्धत चांगली आहे, पण मध्येच दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलाचा एखादा विषय कायमचा हुकतो. ही उणीव भरायला कम्युनिटी कॉलेजशी (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजशी) जोडलेले, शाळा व कॉलेज दोन्हींचे क्रेडिट देणारे दुहेरी क्रेडिटचे वर्ग आणि ऑनलाइन अभ्यासक्रम असतात. शाळेत एपीचा, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या अभ्यासक्रमाचा, वर्ग नसला तरी मे महिन्यातली एपी परीक्षा देता येते; मात्र शाळेच्या एपी कोऑर्डिनेटरमार्फत, आपल्या किंवा जवळच्या शाळेतून, शरद ऋतूतच नोंदणी करावी लागते. हे वेळेवर न कळल्याने हुशार मुलांची संधी जाते.

व्यावसायिक शिक्षणात मात्र या शाळा मागे नाहीत. १९१७ च्या स्मिथ-ह्यूजेस कायद्याने शेती व इतर व्यवसायांच्या शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झालेली एफएफए ही शेतकी विद्यार्थ्यांची संघटना आजही अनेक गावांत वेल्डिंगची कार्यशाळा आणि जनावरांची पारख शिकवणाऱ्या वर्गांशी घट्ट जोडलेली आहे.

खेळ

शालेय स्पर्धा राज्याची संघटना घेते आणि शाळांचे गट मुख्यतः पटसंख्येवरून पाडते. टेक्ससमध्ये हे काम यूआयएल (युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग) करते; तिथे १ए ते ६ए असे गट असून दर दोन वर्षांनी फेरमांडणी होते. हीच संस्था स्पेलिंग, अंकगणित व वादविवाद यांच्याही स्पर्धा भरवते. इंडियानात बास्केटबॉलला १९९७ पर्यंत गटच नव्हते, सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत उतरत. १९५४ मध्ये १६१ मुलांच्या मायलन हायस्कूलने मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२–३० असे हरवून राज्याचे अजिंक्यपद मिळवले, ते याच पद्धतीत.

अकरा खेळाडूंचा अमेरिकन फुटबॉल (लंबगोल चेंडू हातात घेऊन पुढे नेण्याचा खेळ) जिथे परवडत नाही तिथे सहा जणांचा खेळतात. नेब्रास्कातील शिक्षक स्टीफन एप्लर यांनी १९३४ मध्ये तो बसवला. मैदान ८० यार्ड लांब, ४० यार्ड रुंद. पहिल्या डाउनसाठी, म्हणजे चार प्रयत्नांची नवी संधी मिळवायला, १० ऐवजी १५ यार्ड काढावे लागतात. सहाही खेळाडूंना पास झेलता येतो, त्यामुळे बचावात प्रत्येकावर नजर ठेवावी लागते आणि एक टॅकल (चेंडू नेणाऱ्याला पाडण्याचा प्रयत्न) हुकला की समोर मोकळे मैदान असते. टचडाउननंतर, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे नेल्यावर, लाथेने मारलेल्या गोलाला २ गुण, धावून किंवा पासने नेल्यास १. टचडाउन न करता लाथेने मारलेल्या फील्ड गोलला ४. अडवणारे थोडे असल्याने लाथ मारायला वेळ मिळत नाही, म्हणून तिचे मोल जास्त. मध्यंतरापासून पुढे केव्हाही ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो.

या संघाचा कच्चा दुवा म्हणजे राखीव खेळाडू. नऊ जणांतले दोघे जखमी झाले की चौदा वर्षांचा मुलगा अठरा वर्षांच्या मुलासमोर उभा राहतो. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर खेळाडूला त्या दिवशी मैदानाबाहेरच ठेवायचे, वैद्यकीय व्यक्तीची लेखी परवानगी घ्यायची आणि मगच टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास देऊन परत आणायचे. यातली मैदानाबाहेर ठेवण्याची व लेखी परवानगीची अट वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायद्यात घातली, पुढे इतर राज्यांनीही घातली. छोट्या शाळेत पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती पाहणारा तज्ज्ञ) बहुधा नसतो. निर्णय प्रशिक्षकावर येतो आणि त्याला खेळाडू कमी पडत असतात. हा निर्णय त्याच्या एकट्यावर सोडू नये. संघच उभा राहत नसेल तर शेजारच्या शाळेशी संयुक्त संघ करता येतो. मात्र मग गट ठरवताना अनेक राज्यांत दोन्ही शाळांची पटसंख्या धरतात.

अभ्यास आणि खेळ यांची गाठ

टेक्ससने १९८४ मध्ये ‘नापास तर खेळ नाही’ हा नियम केला. आज एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले तर किमान तीन आठवडे सामन्यात उतरता येत नाही, सराव मात्र करता येतो. सहा जणांच्या संघात असे दोघे निघाले तरी सामना सोडून द्यायची वेळ येऊ शकते, म्हणून चांगले प्रशिक्षक निकालाच्या दोन-तीन आठवडे आधीच शिक्षकांकडून गुण मागवतात.

कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात खेळायचे तर शाळेत मान्यताप्राप्त १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे व्हावे लागतात, आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित व विज्ञान यांतले असावे लागतात. नापास विषय भरून काढण्याचे काही ऑनलाइन वर्ग यात धरले जात नाहीत. जिथे विज्ञानाचे विषय वर्षाआड येतात तिथे ही जुळणी अकरावीत करायला गेले तर उशीर झालेला असतो. नववीच्या प्रवेशावेळीच शाळेची मान्य विषयांची यादी काढून चार वर्षांचा तक्ता भरावा लागतो.