आपल्या बॅचचा तो आता काय करून राहिलाय?

इंदूरात बऱ्याच वर्षांपूर्वी एका नाट्यलेखन शिबिराला मी बसलो होतो, त्या बॅचचा वॉट्सॅप ग्रुप अजून जिवंत आहे आणि दिवाळीच्या आसपास त्यात दरवर्षी एक लाट येते, कोणाची वेबसिरीज आली, कोण मुंबईत मालिकेचे डायलॉग लिहून राहिलंय, कोणाला एकांकिकेचं बक्षीस, आणि खाली अंगठेच अंगठे. यंदा एकाने वैतागून विचारलं, "भिया, या सगळ्यात नाटक कुठेय?" दोन दिवस ग्रुप गप्प. मला मात्र वाटलं की हे दुखणं काही आपल्या बॅचचं नाही, शिबिरं सुरू झाली तेव्हापासूनचं आहे.

सुरुवात म्हणाल तर हार्वर्ड. जॉर्ज पिअर्स बेकर नावाचे प्रोफेसर तिथे नाटक लिहायला शिकवायचे, कोर्सचा नंबर इंग्लिश 47, म्हणून 1912च्या सुमारास विद्यार्थ्यांनी लिहिलेलं करून बघायला त्यांनी जे काढलं त्याचं नावच पडलं 47 वर्कशॉप. अमेरिकन नाटककार युजीन ओनील इथे 1914-15 मध्ये एक वर्ष बसला, पुढे त्याला चार पुलित्झर, म्हणजे तिकडचा मोठा पुरस्कार, आणि 1936चं नोबेल, म्हणजे कुठल्याही शिबिराने पोस्टरवर छापावा असा विद्यार्थी. पण बेकरांकडेच शिकलेल्या बाकीच्यांचं बघा. सिडनी हॉवर्डला 1925चं पुलित्झर नाटकासाठीच मिळालं, तरी आज त्याचं नाव निघतं ते 'गॉन विथ द विंड'च्या पटकथेसाठी, आणि त्याचं ऑस्करही घ्यायला तो नव्हता, 1939 मध्ये स्वतःच्या शेतावर ट्रॅक्टरच्या अपघातात गेला, सिनेमा तेव्हा लागायचाही होता. थॉमस वुल्फ तर नाटककार व्हायचंच म्हणून आला होता, त्याची नाटकं काही चालली नाहीत, 1929 मध्ये कादंबरी आली आणि तो कादंबरीकार झाला. म्हणजे पहिल्याच शिबिरातून एक सिनेमात, एक कादंबरीत!

आणि ही "आमचा अमका आता तिथे" वाली यादी फुकाची मिरवणूकही नव्हती हां. हार्वर्डने बेकरना धड थिएटर बांधून दिलं नाही, तिकडे येल विद्यापीठाला हार्कनेस नावाच्या धनिकाने नाट्यविभागासाठी दहा लाख डॉलर दिले आणि 1925 मध्ये बेकर येलला गेले. आता ओनीलसारखे विद्यार्थी नसते तर बेकरना एवढा भाव आला असता का, मला नाही वाटत. शिबिरवाले जुन्या पोरांच्या बातम्या जपून का ठेवतात त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे, पुढच्या वर्षीचा पैसा त्यावर उभा राहतो.

पुढे त्या ओनीलच्याच नावाने 1964 मध्ये कनेक्टिकटला एक केंद्र निघालं, तिथे उन्हाळ्यात लेखक येतात, नट हातात स्क्रिप्ट घेऊनच वाचन-सादरीकरण करतात, सेट-बिट काही नाही, ऐकून लेखकाने पानं बदलायची. ऑगस्ट विल्सन या अमेरिकन नाटककाराची नाटकं तिथून बरेचदा साभार परत आली होती, 1982 मध्ये एक घेतलं गेलं आणि ते 1984 मध्ये ब्रॉडवेवर. नंतर दोन पुलित्झर. पण आधीच्या त्या नकारांची बातमी कोण टाकतो ग्रुपवर?

आपल्याकडे मराठीत आधी शिबिर म्हणजे नाटक कंपनीच. देवल हे बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी, मग त्यांच्याच नाटक मंडळीत गेले, 1899 मध्ये 'शारदा' लिहिलं. राम गणेश गडकरी पण किर्लोस्कर मंडळीत पोरांना शिकवायला लागले आणि तिथेच नाटक बघत, ऐकत तयार झाले. सर्टिफिकेट नव्हतं, पण शिक्षण पक्कं. ठरवून योजना म्हणावी अशी गोष्ट खूप उशिरा आली, 1985 ते 1994, पुण्याच्या थिएटर अकादमीने फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून नाटककार घडवायची आणि गावोगावचे ग्रुप उभे करायची, मागे नाटककार सतीश आळेकर. मला यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लेखक तयार झाला आणि गावात तालीम करायला माणसंच नसली तर तो बिचारा मुंबईचं तिकीट नाही काढणार तर काय करणार.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने 1996 पासून परदेशातल्या लेखकांसाठी वेगळा विभाग चालवला, मुंबईच्या रेज या नाटक कंपनीबरोबर रायटर्स ब्लॉक हा नव्या नाटककारांचा उपक्रम केला. रॉयल कोर्टशी जोडल्या गेलेल्या चेन्नईच्या अनुपमा चंद्रशेखर यांचं नथुराम गोडसेवरचं नाटक 2022 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरात लागलं. अशी सरळ नाटकातून नाटकातच जाणारी वाट दिसली की बरं वाटतं खरं.

इंदूरचं म्हणाल तर इथे बघणारे भरपूर. सानंद या संस्थेच्या प्रयोगांना मेंबर लोकं वेळेआधी येऊन बसतात, पण ती नाटकं येतात पुण्या-मुंबईहून. बाबा डिके यांच्या नाट्यभारती संस्थेने इथल्या माणसांना घेऊन नाटकं केली, ते घरोघरी अजून सांगतात. आणि आपला स्वानंद किरकिरे, तो इंदूरचाच, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, एनएसडीत, गेला, नाटक लिहिलं, बसवलं, मग मुंबई, आणि गाण्यांसाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार. त्याने नाटक सोडलं असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, इथे राहिला असता तर त्याला महिन्याला किती मिळाले असते?

तर दोन दिवसांनी ग्रुपवर मेसेज आला, आमच्यातल्या बँकवाल्याचा, जो कधीच काही टाकत नाही. नाटकाचा तिसरा खर्डा झालाय, रविवारी सकाळी घरी वाचतो, पोहे-जिलबी आहे, कोण येतंय? आत्तापर्यंत चार जण हो म्हणालेत, त्यात तो "नाटक कुठेय" वाला नाही.